जजमेंट खेळायला बसताना : आधी हात मोजा, मग बोला

मेंढीकोट किंवा ब्रिज खेळून तयार झालेला माणूस पहिल्यांदा जजमेंट या पत्त्यांच्या खेळाला बसला की सुरुवातीच्या डावांत हमखास मार खातो. त्याला हात करायची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पान टाकलं की ती फेरी जिंकायची, सवय लागलेली असते. इथे मात्र तीन हात बोलून चार केले तरी गुण शून्य आणि दोनच केले तरी शून्य. पानं बघायची, आपले किती हात होतील ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि मग बरोब्बर तेवढेच करायचे, न एक कमी, न एक जास्त. नियम एवढाच आहे. पण त्यामुळे भारी पानं कधीकधी डोईजड होतात आणि हातात आयता आलेला हात दुसऱ्याच्या गळ्यात कसा मारावा, हे शिकावं लागतं.

आपल्याकडे याला जजमेंट किंवा काचूफूल म्हणतात. इंग्रजी मुलखात हाच खेळ १९३०च्या सुमारास ‘ओ हेल’ या नावाने रुळला आणि पुढे घरोघरी त्याचे वेगवेगळे नियम झाले. म्हणून खाली दिलेले नियम तुमच्या मावशीच्या घरच्या नियमांशी तंतोतंत जुळले नाहीत तर बिचकू नका. फरक कुठे कुठे असतात ते शेवटी येईलच.

बैठक आणि पानं

जोकर काढून ५२ पानांचा एक कॅट घ्या, कागद आणि पेन घ्या. तिघांपासून सातांपर्यंत कितीही जण खेळू शकतात, पण खरी मजा चौघा-पाचांत. तिघांत पानांचा अंदाज फार ढिला राहतो आणि सातांत तुमचा बेत तुमची पाळी येईपर्यंत कुणीतरी उधळलेला असतो.

प्रत्येक डावात पानांची संख्या बदलते. चौघं असाल तर सातपासून सुरुवात करा: पहिल्या डावाला प्रत्येकी ७ पानं, मग ६, मग ५, असं करत १ पर्यंत खाली या आणि पुन्हा चढत ७ पर्यंत जा. एकूण १३ डाव होतात. जास्त पानांनी खेळायचं असेल तर माणसं आणि पानं यांचा गुणाकार ५२ च्या आत ठेवायचा. म्हणजे चौघांत १३ पर्यंत, पाचांत १० पर्यंत, सहांत ८ आणि सातांत ७. नवख्यांनी मात्र तेरा-तेरा पानांच्या फंदात पडू नये. एवढ्या पानांत नेमका आकडा सांगणं जुन्या खेळाडूंनाही जड जातं.

हुकूम, म्हणजे बाकी रंगांना मारणारा रंग, ठरवायला डोकं चालवावं लागत नाही, तो क्रमाने येतो. पहिल्या डावाला इस्पिक, दुसऱ्याला चौकट, तिसऱ्याला किलवर, चौथ्याला बदाम आणि पुन्हा इस्पिक. काळी, चौकट, फूल, लाल हा क्रम काचूफूल या नावातच बसलेला आहे, तेव्हा ‘आता हुकूम कुठला?’ असं कुणी विचारलं की खेळाचं नाव घ्यायचं. काही घरी वाटून उरलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पान उलटतात आणि त्याचा रंग हुकूम धरतात. तेही चालतं, फक्त मग एक तरी पान उरायला हवं.

बोली

पानं पिसून, कापून, एकेक करत वाटा. सगळ्यांनी आपापली पानं बघितली की वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेला पहिला बोलतो: ‘दोन’, ‘एक’, ‘शून्य’, जे काही वाटेल ते. मग त्याच्या डावीकडचा, असं करत वाटणारा शेवटी. पास म्हणायची सोय नाही. शून्य ही पूर्ण दर्जाची बोली आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात शहाणी. बोलल्याबरोबर कागदावर लिहा. ‘मी एक म्हणालो होतो की दोन?’ यावरून होणारी भांडणं या खेळात सगळ्यात जास्त.

आता एक खोच. वाटणाऱ्याला असा आकडा बोलता येत नाही की सगळ्यांच्या बोलींची बेरीज त्या डावातल्या पानांएवढी होईल. पाच पानांचा डाव आहे, आधीच्या तिघांनी मिळून तीन बोललेत, तर वाटणाऱ्याला दोन सोडून काहीही बोलायची मुभा आहे. या एका अटीमुळे बोलींची बेरीज आणि होणारे हात कधीच जुळत नाहीत, म्हणजे प्रत्येक डावात निदान एकाची तरी बोली फसणारच. सगळे खूश असा डाव इथे नाही. वाटणाऱ्याला ही अट जाचक वाटते, पण बाकीच्यांच्या बोली ऐकून बोलायची संधीही त्यालाच मिळते, हे विसरू नका.

खेळ

वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिली उतारी करतो, म्हणजे हाताचं पहिलं पान टाकतो. त्याने टाकलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यायचं. नसेल तर हुकूम मारा किंवा दुसऱ्या कुठल्याही रंगाचं पान टाका. हुकूम मारायलाच हवा असं बंधन नाही, आणि या खेळाचं अर्धं कसब त्या मोकळिकीत आहे. हुकूम पडला असेल तर सगळ्यात वरच्या हुकमाचा हात, नाहीतर उतारीच्या रंगातल्या सगळ्यात वरच्या पानाचा. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान. ज्याचा हात तो पुढची उतारी करतो.

मोबाइलवर कॉल ब्रेक खेळून आलेल्यांनी इथे दोन गोष्टी विसरायच्या. त्यात इस्पिक हा कायमचा हुकूम असतो आणि बोलीपेक्षा जास्त झालेल्या हाताचा दशांश गुण तरी मिळतो. इथे हुकूम दर डावाला बदलतो आणि जास्तीचा हात म्हणजे सरळ बुडवणं.

गुण

सगळ्यात सोपी पद्धत: बोली जमली तर १० अधिक बोललेला आकडा, फसली तर शून्य. तीन बोलून तीन केले की १३, एक बोलून एक केला की ११, शून्य बोलून एकही हात घेतला नाही की १०.

या आकड्यांकडे जरा नीट बघा, डावपेच त्यातूनच निघतात. शून्य आणि तीन यांच्यात फरक अवघा तीन गुणांचा, पण जमणं आणि फसणं यांच्यात किमान दहाचा. समजा, एकजण दहा डावांत कायम शून्य किंवा एकच बोलतो आणि त्यातले आठ जमवतो. त्याचे गुण ८० ते ८८ होतील. दुसरा दर वेळी तीन बोलतो आणि दहातले सहा जमवतो, त्याचे ७८. मोठी बोली ऐकायला रुबाबदार वाटते, पण कागदावर तिचा फायदा फारच थोडा दिसतो. म्हणून दोन आणि तीन यांत मन अडकलं तर ‘कुठल्या आकड्याला जास्त गुण’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कुठला आकडा साधायला सोपा, एवढंच विचारा.

एका पानाच्या डावापासून शिका

नवखे एका पानाच्या डावाला नशिबाचा खेळ समजून उडवून लावतात. मला उलट वाटतं. बोली म्हणजे काय हे समजून घ्यायला याच्याइतकी चांगली शाळा नाही, कारण इथे हिशोब पूर्ण मांडता येतो.

चौघं खेळताहात, प्रत्येकाला एक पान. तुमच्या हातात हुकमाची दुर्री आली. सगळ्यात लहान हुकूम. तरी तो हात कधी जाईल? बाकी तिघांपैकी कुणाकडे तरी हुकूम असेल तेव्हाच. न दिसणाऱ्या ५१ पानांत १२ हुकूम आहेत आणि तिघांकडे मिळून तीनच पानं. हिशोब केला तर १००पैकी सुमारे ४४ वेळा ही दुर्री हात करते.

आता उतारी तुमची आहे आणि हातात दुसऱ्या रंगाचा एक्का आहे. डोळे मिटून ‘एक’ म्हणावंसं वाटतं. पण इथे १३ हुकूम बाहेर आहेत आणि त्यातला कुठलाही एक तुमचा एक्का खातो. एक्का टिकायची शक्यता १००पैकी सुमारे ४१. म्हणजे एका पानाच्या डावात हुकमाची दुर्री बाहेरच्या, म्हणजे हुकूम नसलेल्या रंगाच्या, एक्क्यापेक्षा किंचित सरसच. आणि उतारी तुमची नसेल तर तो एक्का जवळजवळ निकामी, कारण उतारीला नेमका तुमचाच रंग आला तरच तो चालेल.

मग ‘एक’ कधी म्हणायचं? चौघांत हुकमाची चव्वी किंवा तिच्यावरचं पान असेल तर हात व्हायची शक्यता निम्म्याहून जास्त. पाचजण असतील तर ही रेघ वर सरकते आणि सत्तीपासून सुरू होते. हे झालं बोली ऐकण्याआधीचं गणित. तुमच्या आधी दोघांनी ‘एक’ म्हटलं असेल तर त्यांच्याकडे बहुधा हुकूमच आहे, तेव्हा चव्वी-पंजीवर उडी मारू नका. दोघांनीही ‘शून्य’ म्हटलं असेल तर दुर्रीलाही बळ येतं.

काही घरी या डावाला पान न बघता कपाळाला लावतात, म्हणजे बाकी सगळ्यांची पानं दिसतात, फक्त आपलं सोडून. हसायला उत्तम प्रकार. शिकायला अर्थात निरुपयोगी.

सात पानांत हात कसे मोजायचे

मोठ्या डावात पहिली चूक होते ती गठ्ठ्याकडे दुर्लक्ष केल्याने. चौघांना सात-सात पानं वाटली म्हणजे २८ पानं खेळात आली, २४ गठ्ठ्यात झोपलेली. तुमच्याकडे एखाद्या रंगाचा राजा आहे. ब्रिजमध्ये त्या रंगाचा एक्का कुणाकडे तरी असणारच, कारण सगळी ५२ पानं वाटलेली असतात. इथे तो दुसऱ्या कुणाच्या हातात असायची शक्यता ४५ पानांतली २१, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडी कमीच. तीन पानांच्या डावात ती १००पैकी १८ वर येते, दहा पानांच्या डावात ७१ वर जाते. थोडक्यात, पानं कमी तशी राजा-राणीची किंमत वाढते. पण त्याबरोबर हुकूम बसायचा धोकाही वाढतो, कारण कमी पानांत एखादा रंग मुळातच नसलेले लोक जास्त असतात.

मोजायची माझी रीत अशी. हुकमाचे एक्का-राजा प्रत्येकी एक हात. बाहेरच्या रंगाचा एक्का एक हात, पण त्या रंगाची पाच-पाच पानं तुमच्याकडेच असतील तर तो धरू नका, कारण दुसऱ्यांकडे तो रंग तोकडा असणार आणि कुणीतरी हुकूम घालणार. राजा-राणी जोडीने एकाच रंगात असतील तर एक हात. एकटा राजा अर्धा. मधले हुकूम तुमच्या हातात एखादा रंग एकच पान किंवा शून्य पान असेल तर मोलाचे, कारण तो रंग संपला की हुकूम मारून कापता येतं. हातात सगळेच रंग दोन-दोन असतील तर हुकमाच्या सत्ती-अठ्ठीला फार मान देऊ नका.

मग जी बेरीज येईल तिच्यात अर्धा राहिला तर? इथे बाकीच्यांच्या बोली कामाला येतात.

बेरीज ऐका

सगळ्यांचं बोलून झालं की लगेच बेरीज करा आणि पानांच्या संख्येशी ताडून बघा. या एका आकड्यावरून पुढचा डाव कसा जाणार ते कळतं.

सात पानांच्या डावात बोलींची बेरीज नऊ झाली तर हात कमी आणि मागणारे जास्त. मी याला ओढाताणीचा डाव म्हणतो. यात लोक हुकूम राखत नाहीत, दिसेल तो हात उचलतात. तुमचा एकटा राजा, मधला हुकूम असले अर्धेमुर्धे हात इथे बुडायचीच शक्यता जास्त. तेव्हा पक्के हात लवकर पदरात पाडून घ्या.

बेरीज पाचच झाली तर दोन हात असे आहेत जे कुणालाच नकोत. हा ढकलाढकलीचा डाव. इथे सगळे आपापली बोली पुरी झाली की खाली वाकतात, म्हणजे लहान पानं टाकून हात सोडतात, आणि नव्वी-दश्शीसारखी पानं, जी तुम्ही हिशोबात धरलीच नव्हती, ती अचानक हात करून बसतात. नवख्यांच्या बोली जास्त करून अशाच डावांत फसतात. हात न झाल्यामुळे फसलेले थोडे असतात, नको असलेला हात गळ्यात पडल्यामुळे फसलेले पुष्कळ.

शेवटच्या दोघांना ही बेरीज बोलतानाच बरीचशी दिसते. मनात अडीच आले असतील आणि आधीच्यांनी भरभरून बोली दिली असेल तर दोन म्हणा. सगळे शून्य-एकवर थांबले असतील तर तीन.

एक डाव, पानोपान

चार पानांचा डाव, हुकूम बदाम. खेळाडू अ, ब, क आणि वाटणारे तुम्ही. तुमची पानं: बदाम राणी, किलवर एक्का, चौकट छक्की आणि पंजी. अ बोलला एक, ब एक, क शून्य. बेरीज दोन.

तुमच्या मनात सरळ दोन हात आहेत, राणी आणि एक्का. पण दोन म्हणता येत नाही, दोन आणि दोन चार होतात. तीन म्हणावं असं हातात काही नाही. म्हणून एक. बेरीज तीन, पानं चार, म्हणजे ढकलाढकल आहे. आणि तुमच्याकडे एक हात जास्तीचा आहे, तो घालवायचा कसा हे पहिली उतारी व्हायच्या आधीच ठरवायला हवं. एक्का एकटा आहे, किलवरची उतारी झाली की तो टाकावाच लागेल. म्हणजे धोका एक्क्याचा आहे. राणीचं तसं नाही, ती कधी वापरायची हे बरंचसं तुमच्या हातात आहे.

अ इस्पिक राजा उतरतो. ब नव्वी देतो. क गुलाम देतो. शून्य बोललेला माणूस राजाखाली आपलं सगळ्यात भारी इस्पिक घालवतोय, अगदी बरोबर. तुमच्याकडे इस्पिक नाही आणि तुम्ही शेवटचे आहात. राणीने कापलं तर हात नक्की तुमचा, बोली तिथल्या तिथे पुरी. मोह होतो. पण मग एक्का हातातच राहतो आणि कुणी किलवर उतरलं की मेलात. म्हणून एक्का इथेच टाकून द्या. अ चा हात झाला.

अ ची बोली पुरी झाली, त्याला आता काही नको. तो इस्पिक चव्वी उतरतो. ब कडे इस्पिक संपलंय, त्याला एक हात हवाय, तो बदाम अठ्ठी मारतो. क किलवर नव्वी टाकतो, हातातलं उरलेलं धोक्याचं पान. आता तुमची पाळी, पुन्हा शेवटची. तुमच्यानंतर कुणी नाही, म्हणजे राणीवर हुकमाचा राजा किंवा एक्का पडायची भीतीच नाही. राणी मारा. तुमचा एक हात झाला, ब ची अठ्ठी वाया गेली.

आता तुमच्याकडे चौकट छक्की आणि पंजी. पंजी उतरा. अ कडे चौकट राणी आणि किलवर सत्ती आहे, राणी द्यावीच लागते. ब दश्शी देतो, क तिर्री. अ चा दुसरा हात, त्याची बोली फसली. तो किलवर सत्ती उतरतो, ब तिर्री देतो, क आणि तुम्ही चौकट टाकता. पुन्हा अ. तुमचे ११ गुण, क चे १०, बाकी दोघांना भोपळा.

क ने दुसऱ्या हाताला किलवर नव्वी ठेवून चौकट दुर्री टाकली असती तर? शेवटच्या हाताला ती नव्वी अ च्या सत्तीवर बसली असती आणि त्याचं शून्य बुडालं असतं. असं एक पान मागे राहिल्याने बरीच शून्यं बुडतात.

शून्य बोलणाऱ्यांसाठी

शून्य बोलायला हातात दुर्री-तिर्री असली की पुरे असं वाटतं. प्रत्यक्षात घातक असतात ती एकेकटी मधली पानं. एकटी किलवर नव्वी असेल आणि कुणी किलवर पंजी उतरलं तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्याच रंगात नव्वीबरोबर तिर्री असेल तर तिर्री देऊन वाचता येतं आणि नव्वी पुढे दुसऱ्या रंगावर टाकून देता येते. म्हणून शून्य बोलायच्या आधी प्रत्येक रंगात खाली वाकायला पान आहे का ते बघा. एखादा रंग मुळीच नसेल तर उत्तम, तिथे नको ती पानं टाकायची सोय होते.

लहान हुकमाचं मात्र वेगळं दुखणं आहे. रंग नसला तरी हुकूम मारायची सक्ती नाही, त्यामुळे हुकमाची दुर्री बिनधोक वाटते. ती शेवटपर्यंत तशीच राहते, शेवटचं पान म्हणून टाकावी लागते, आणि तोवर बाकीचे हुकूम संपलेले असतात. दुर्री हात करते आणि शून्य गेलं. उपाय सोपा आहे. मधल्या एखाद्या हातात तुमच्याकडे उतारीचा रंग नसेल आणि तुमच्या आधी कुणी वरचा हुकूम मारला असेल, तर त्याखाली आपली दुर्री टाकून मोकळे व्हा. हुकमाखाली हुकूम टाकणं बाकी खेळांत उधळपट्टी, इथे हुशारी.

आणि दुसऱ्याने शून्य बोललेलं असेल तर त्याला लहान पानांच्या उतारीने छळायचं. एक्का-राजा उतरलात की तो आनंदाने आपली भारी पानं त्याखाली लोटतो. पंजी-छक्की उतरा, मग त्याची नव्वी वर आली तर आलीच. पण त्याला पाडायच्या नादात स्वतःची बोली घालवू नका. दोघंही शून्यावर गेलात तर फायदा तिसऱ्याचा.

काय लक्षात ठेवायचं

सगळी पानं लक्षात ठेवायची गरज नाही, आणि ठेवलीत तरी गठ्ठ्यातली २४ पानं तुमचा हिशोब बिघडवणारच. हुकमाचा एक्का आणि राजा पडले का, कुणाचा कुठला रंग संपला आणि कुणाची बोली अजून अपुरी आहे, एवढं पुरतं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक विसरतात. ज्याला अजून दोन हात हवेत तो तुमचा नको असलेला हात आनंदाने घेईल. तुमच्यानंतर त्याची पाळी असेल तेव्हा मधलं पान सोडायला भिऊ नका.

डाव मांडण्याआधी ठरवून घ्या

घरोघरी बदलणाऱ्या गोष्टी या. गुणांची पद्धत: काही जण बोली फसली तर बोललेला आकडा वजा करतात, काही शून्याला पाचच गुण देतात. शून्याला पाच असतील तर एक आणि दोनच्या बोलीला लगेच भाव येतो, तेव्हा पेन उचलायच्या आधी विचारा. चार रंग झाले की पाचवा डाव बिनहुकमाचा ठेवायचा का? अशा डावात एक्का-राजांना आणि लांब रंगाला खरी किंमत, कारण कापायला काही नसतं. पहिली उतारी वाटणाऱ्याच्या डावीकडच्याने करायची की सगळ्यात मोठी बोली देणाऱ्याने? वाटणाऱ्यावरची बेरजेची अट ठेवायची का? लहान मुलं असतील तर पहिले काही डाव ती काढून टाका, पण मोठ्यांत नको. ती नसली तर सगळ्यांची बोली जमू शकते आणि खेळातला दंश जातो.

हे अंगवळणी पडलं की विझार्ड बघा. केन फिशर या कॅनेडियनाने १९८४ साली काढलेला, त्यात नेहमीच्या ५२ पानांबरोबर चार जादूगार आणि चार विदूषक, असे ६० पत्ते असतात. जादूगार कुठल्याही हुकमाच्या वर, विदूषक सगळ्यांच्या खाली. बोली जमली तर २० आणि शिवाय प्रत्येक हाताचे १०, फसली तर जेवढ्या हातांनी चुकलात तेवढे दहा-दहा वजा. म्हणजे तिथे तीनची बोली ५० ची आणि शून्याची फक्त २० ची. इथली शून्य-एकची सावध चाल तिथे मागे पडते.

आणि एक गोष्ट आधीच बोलून घ्या: रंग हातात असून चुकून दुसरं पान टाकलं तर काय करायचं. ती चूक पुढचा हात सुरू व्हायच्या आधी लक्षात आली तर पान परत घेऊ द्या. नंतर कळली तर त्याला त्या डावाचे गुण नाहीत, आणि बाकीच्यांसाठी तोच डाव त्याच हुकमावर नव्याने वाटायचा.